हृदयतपासणीच्या अर्जातला राहून गेलेला रकाना

प्रति,
मुंबईतील हृदयतपासणी केंद्रांचे वैद्यकीय प्रमुख आणि इको, सीटी व एमआरआयच्या अहवालांवर सही करणारे सर्व तज्ज्ञ डॉक्टर यांस,

सादर नमस्कार.

मी दादरला राहते, माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि गेली ११ वर्षे शिवाजी पार्कच्या कट्ट्यापासून पहाटे पाचला निघणाऱ्या एका गटाबरोबर धावते. माझे वय ४८ आहे. २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनने या शहरातल्या हजारो नोकरदारांना, गृहिणींना आणि निवृत्त माणसांना धावायची सवय लावली, त्यांपैकीच मी एक. दसरा उलटला की आमच्या रविवारच्या धावांचे अंतर वाढू लागते आणि नेमके त्याच दिवसांत मोबाइलवर हृदयतपासणीच्या पॅकेजचे संदेश येऊ लागतात. इको (ध्वनिलहरींनी काढलेले हृदयाचे चित्र), स्ट्रेस टेस्ट (श्रम करायला लावून केलेली तपासणी), कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेल्या कॅल्शियमचा सीटीवर काढलेला गुण) आणि थोडे अधिक पैसे भरले तर सीटी अँजिओग्राफी, म्हणजे त्या रक्तवाहिन्यांचे सीटी चित्रसुद्धा. शर्यतीपूर्वी खात्री करून घ्या, असे आवाहन त्यात असते. कसलीही तक्रार नसलेल्या, आठवड्याला ५०-६० किलोमीटर धावणाऱ्या माणसाच्या हृदयाचे चित्र काढून नेमकी कशाची आणि किती खात्री देता येते, याविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात मीही असेच एक पॅकेज घेतले. केंद्राचे नाव सांगत नाही, कारण जे घडले ते कोणत्याही केंद्रात घडू शकले असते. स्वागतकक्षात हाती आलेल्या अर्जावर वय, उंची, वजन, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, मद्यपान, घराण्यातला हृदयविकार असे सगळे रकाने होते. 'आपण व्यायाम करता का' या प्रश्नापुढे 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन होते. मी 'हो'वर खूण केली. संध्याकाळी पार्काला एक फेरी मारणाऱ्या माझ्या सासूबाईंनीही त्याच चौकोनात खूण केली असती. तपासणी मंगळवारी होती आणि त्याआधीच्या रविवारी मी ३० किलोमीटर धावले होते. हे लिहायला अर्जात जागा नव्हती आणि कोणी विचारलेही नाही.

इको करणारी तंत्रज्ञ मुलगी शांत आणि कामात वाकबगार होती. डाव्या कुशीवर वळून झोपले तरी मान थोडी वळवली की मला पडदा दिसत होता. हृदय पूर्ण भरलेल्या क्षणी तिने चित्र थांबवले, एका भिंतीच्या कडेवर एक खूण ठेवली, समोरच्या भिंतीवर दुसरी, आणि दोहोंमधल्या तुटक रेषेशेजारी ५६ हा आकडा उमटला. तिने खूण जराशी सरकवली, ५४ झाले. पुन्हा सरकवली, ५६. मग तोच आकडा राहू दिला. संध्याकाळी हाती आलेल्या अहवालात ही दोन मिलिमीटरची चलबिचल कुठेच नव्हती. तिथे डाव्या जवनिकेचा, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याचा, व्यास ५६ मिलिमीटर होता, इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे प्रत्येक ठोक्याला त्या कप्प्यातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण, ५१ टक्के होते आणि खाली निष्कर्षात कप्पा विस्तारलेला असून डायलेटेड कार्डिओमायोपॅथीची, म्हणजे हृदय फुगून कमकुवत होण्याच्या आजाराची, सुरुवात असू शकते, असे लिहिले होते.

पुढचे चार महिने मी धावले नाही. दादरच्या पुलाचा जिना चढताना माझे यजमान माझ्यामागे एक पायरी ठेवून चालू लागले, आणि ते तसे का चालतात हे आम्ही दोघेही बोललो नाही. रात्री जाग आली की मी मनगटावर बोट ठेवून नाडी मोजत असे. ती ४६ भरायची. हाच आकडा दोन महिन्यांपूर्वी मी गटात अभिमानाने सांगितला होता. मध्यंतरी एमआरआय झाला, त्यात दोन्ही जवनिका जिथे जुळतात तिथे एक बारीक चकाकणारा ठिपका दिसला आणि घरातली काळजी दुप्पट झाली. अखेर खेळाडूंच्या हृदयावर काम करणाऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फाइल उघडण्यापूर्वी वीस मिनिटे फक्त माझ्या धावण्याविषयी विचारले: किती वर्षे, आठवड्याला किती, शेवटची लांब धाव कधी, धावताना कधी भोवळ आली का, घरात कोणी तरुणपणी अचानक गेले का. मग सायकल चालवताना इको केला. श्रम वाढले तसे इजेक्शन फ्रॅक्शन ५१ वरून ६८ वर गेले. चार महिन्यांच्या सक्तीच्या विश्रांतीने कप्प्याचा व्यासही ५२ वर आला होता. हृदय आजारी नव्हते, ते धावणाऱ्या बाईचे होते.

मला सर्वांत जास्त खटकते ते हे की पहिल्या अहवालातला एकही आकडा खोटा नव्हता. ५६ मिलिमीटर खरे होते, ५१ टक्केही खरे होते. आपण वापरता त्या प्रचलित निकषांनुसार स्त्रीच्या डाव्या जवनिकेचा व्यास साधारण ५२ मिलिमीटरपर्यंत आणि इजेक्शन फ्रॅक्शन ५४ टक्क्यांच्या वर असावे लागते, त्यामुळे दोन्ही आकडे रेषेबाहेर होते हेही बरोबर. फक्त ती रेषा सर्वसाधारण माणसांच्या मोजमापांवरून आखलेली आहे, आणि मोजला जात होता तो ११ वर्षे धावलेला स्नायू. गणिताच्या शिक्षिकेला हे चटकन कळायला हवे होते, पण आकडा स्वतःच्या हृदयाचा असला की गणित आठवत नाही.

वैद्यकशास्त्राला ही गोष्ट नवी नाही. १८९९ साली हेन्शेन या स्वीडिश डॉक्टरांनी लांब पल्ल्याचे स्कीपटू तपासले, तेही केवळ छातीवर बोटांनी ठोकून, आणि त्यांची हृदये मोठी असतात व ते मोठेपण श्रमाला जुळवून घेतल्याचे आहे, असे मांडले. १९७५ साली मॉरगनरॉथ आणि सहकाऱ्यांनी इकोच्या साहाय्याने दाखवले की धावणे-पोहणे यांसारख्या दमसासाच्या खेळांत कप्पा रुंदावतो, तर कुस्तीसारख्या ताकदीच्या खेळांत भिंत जाडावते. पुढे इटलीत पेलिचिया यांनी १,३०९ अव्वल खेळाडू मोजले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पुरुषांच्या डाव्या जवनिकेचा व्यास ४३ ते ७० मिलिमीटर आणि स्त्रियांचा ३८ ते ६६ मिलिमीटर इतक्या विस्तृत पट्ट्यात होता, आणि १४ टक्के खेळाडूंचा ६० च्याही पुढे होता. टूर द फ्रान्समधल्या २८६ सायकलपटूंच्या २००४ च्या अभ्यासात निम्म्याहून अधिक जणांचा कप्पा ६० मिलिमीटरपेक्षा मोठा निघाला, आणि त्या मोठ्या कप्प्यांच्या सायकलपटूंपैकी १७ जणांचे इजेक्शन फ्रॅक्शन ५२ टक्क्यांहून कमी होते. हीच माणसे जगातली सर्वांत कठीण सायकल शर्यत पुरी करत होती.

यामागचा हिशेब मी नववीच्या वर्गालाही समजावून सांगू शकते. समजा, बैठे काम करणाऱ्या माणसाच्या कप्प्यात १२० मिलिलिटर रक्त मावते आणि प्रत्येक ठोक्याला त्यातले ६५ टक्के बाहेर पडते. म्हणजे ७८ मिलिलिटर. धावणाऱ्याच्या कप्प्यात १८० मिलिलिटर मावते आणि ५२ टक्केच बाहेर पडते. तरी ते जवळजवळ ९४ मिलिलिटर होते. विसाव्याच्या वेळी शरीराला याहून अधिक नको असते, म्हणून हृदय निम्म्यावरच थांबते आणि उरलेले राखून ठेवते. पेडर रोडच्या चढावर ते राखीव रक्त कामी येते. निजलेल्या अवस्थेतल्या इकोत मात्र ती राखण कमकुवतपणासारखी दिसते. म्हणूनच संशय आला तर हृदयाला श्रम करायला लावून पुन्हा पाहणे, स्नायू सैल पडण्याचा वेग पाहणे, शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता मोजणे, हे मार्ग खेळाडूंसाठी सांगितलेले आहेत. आजारी हृदयाकडे अशी राखण नसते आणि श्रमात ते उघडे पडते.

भिंतीच्या जाडीबाबत गुंता अधिक आहे आणि तो खरा आहे. १३ ते १५ मिलिमीटर जाडी ही निरोगी खेळाडूतही आढळू शकते आणि हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीतही, म्हणजे हृदयाचा स्नायू विनाकारण जाड होण्याच्या आजारातही, जो साधारण ५०० माणसांत एकाला असतो आणि तरुण खेळाडूंच्या आकस्मिक मृत्यूंत ज्याचे नाव वारंवार येते. पेलिचिया यांच्याच १९९१ च्या अभ्यासात ९४७ खेळाडूंपैकी केवळ १६ जणांची भिंत १३ किंवा त्याहून अधिक होती, आणि ते जवळपास सगळे नौका वल्हवणारे होते. म्हणजे आमच्यासारख्या हौशी धावपटूत ही जाडी दिसली तर ती धावण्याच्या खात्यावर सहज टाकून मोकळे होऊ नये. आपण शंका घेणे सोडा, अशी माझी विनंती मुळीच नाही. शंका योग्य ठिकाणी घ्यावी, एवढेच म्हणणे आहे.

इथे आपल्या मातीचा एक प्रश्न आहे. वर दिलेले आकडे इटली, फ्रान्स अशा देशांतल्या शरीरांचे आहेत. लंडनमध्ये राहणाऱ्या भारतीय वंशाच्या माणसांची तुलना तिथल्या गोऱ्या माणसांशी केली, तेव्हा भारतीयांच्या हृदयाचे कप्पे लहान आढळले. त्यामुळे पाच फूट उंचीच्या मराठी बाईला इटालियन खेळाडूंची ६६ मिलिमीटरची मर्यादा लावून निश्चिंत होणे हेही तितकेच चुकीचे ठरेल. आकडा शरीराच्या आकारमानाशी ताडून लिहायला हवा, आणि पुष्कळ अहवालांत तो तसा नसतो. दुसरे म्हणजे, ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियाई माणसाला पहिला हृदयविकाराचा झटका येण्याचे सरासरी वय ५३ होते, इतरांचे जवळजवळ ५९. धावण्याने हा वारसा पुसला जात नाही. मुंबईतला ४५ वर्षांचा धावपटू हा धावपटू आहे आणि दक्षिण आशियाईही आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवून त्याचे चित्र वाचावे लागते.

आता कॅल्शियम स्कोअरविषयी, कारण आमच्या गटात सर्वाधिक घबराट त्यानेच पसरते. गेल्या हिवाळ्यात आमच्यातल्या ५६ वर्षांच्या एका गृहस्थांचा स्कोअर १८० आला. न सिगारेट, न मधुमेह, २० वर्षे धावलेला माणूस. दोन दिवस त्यांनी कोणाचा फोन घेतला नाही. त्यांचा अहवाल मी पाहिला. त्यात त्यांच्या वयाच्या माणसांत ते कोणत्या टक्केवारीत बसतात हे होते, पण ही मोजपट्टी धावणाऱ्यांना कशी लागू पडते याविषयी एक अक्षर नव्हते.

मोजपट्टी १९९० साली अ‍ॅगॅट्स्टन आणि सहकाऱ्यांनी दिली. सीटीच्या चित्रात रक्तवाहिनीच्या भिंतीतला साका, म्हणजे तिथे साचलेला थर, ठरावीक घनतेच्या वर गेला की तो कॅल्शियम धरायचा, त्याचे क्षेत्रफळ मोजायचे आणि घनतेनुसार १ ते ४ यांपैकी एका गुणकाने गुणायचे. म्हणजे साका जितका दाट आणि कठीण, तितका गुण जास्त. पण २०१४ साली अमेरिकेतल्या मोठ्या लोकसमूहावरील अभ्यासातून असे दिसले की कॅल्शियमचे आकारमान वाढले तर धोका वाढतो, मात्र तेवढ्याच आकारमानात घनता जास्त असेल तर धोका कमी असतो. कठीण झालेला साका स्थिर असतो. फुटून गुठळी होण्याची भीती मऊ, मेदाने भरलेल्या साक्याची अधिक. मोजपट्टी मात्र दाटपणाला शिक्षा देते. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनीही साका दाट होतो, हे आपण जाणताच.

धावणाऱ्यांच्या बाबतीत हे कळीचे ठरते. नेदरलँड्समधल्या २८४ मध्यमवयीन पुरुषांच्या २०१७ च्या अभ्यासात, आठवड्याला सर्वाधिक व्यायाम करणाऱ्या गटात, म्हणजे साधारण साडेतीन तास मध्यम वेगाने धावण्याइतके किंवा त्याहून जास्त श्रम करणाऱ्यांत, ६८ टक्के जणांना कॅल्शियम होते. सर्वांत कमी व्यायाम करणाऱ्यांत ४३ टक्के. त्याच वेळी निव्वळ कठीण साका असण्याचे प्रमाण पहिल्या गटात जास्त होते आणि मिश्र साक्याचे कमी. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या २१,७५८ पुरुषांच्या पाठपुराव्यात, भरपूर व्यायाम करणाऱ्यांत कॅल्शियम १०० च्या वर असण्याची शक्यता थोडी अधिक निघाली, पण त्यामुळे त्यांचे मृत्यूचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. आम्ही धावपटूंनी या दोन अभ्यासांवर फार भिस्त ठेवली आणि तीही चूक होती. २०२३ साली बेल्जियममधून आलेल्या मास्टर अ‍ॅट हार्ट अभ्यासात आयुष्यभर दमसासाचा खेळ खेळलेल्या पुरुषांच्या धमन्यांत, निरोगी पण खेळाडू नसलेल्या पुरुषांच्या तुलनेत, कठीण साका तर जास्त होताच, पण मऊ साकाही जास्त आढळला. प्रश्न मिटलेला नाही. मग १८० या आकड्यापुढे 'उच्च धोका' असा शिक्का मारणे किंवा 'धावणाऱ्यांना असतेच' असे म्हणून पाठवून देणे, दोन्ही आजच्या ज्ञानाच्या पुढे जाणारे आहे. त्या गृहस्थांचा कोलेस्टेरॉल पाहणे, रक्तदाब पाहणे, वडिलांना किती वर्षी झटका आला हे विचारणे आणि त्यावरून औषधाचे ठरवणे, एवढे तरी त्याच भेटीत शक्य होते.

शिवाय हे सांगितलेच पाहिजे की मी नुकतेच मांडलेले हे तिन्ही अभ्यास केवळ पुरुषांवर झालेले आहेत. २०१७ सालच्याच एका ब्रिटिश अभ्यासात प्रौढ महिला खेळाडूंमध्ये असा वाढीव साका दिसला नव्हता. पार्कवर आमच्या गटात जवळपास निम्म्या बायका आहेत. पुरुषांच्या तक्त्यावरून आमचा अहवाल लिहिताना निदान तसे नमूद तरी करावे.

ज्यांना कॅल्शियम जास्त असतो त्यांना पुढची पायरी म्हणून बहुधा सीटी अँजिओग्राफी सुचवली जाते, आणि नेमके त्या चित्रात दाट कॅल्शियम असतो त्याहून मोठा, फुलल्यासारखा दिसतो, त्यामुळे वाहिनीचा अरुंदपणा वाढीव मोजला जातो. तिथून नळी घालून अँजिओग्राफी आणि मग पुढचे सगळे, असा प्रवास कुणाच्याही वाईट हेतूशिवाय घडू शकतो.

एमआरआयचेही तसेच. माझ्या अहवालातला तो ठिपका, म्हणजे दोन्ही जवनिकांच्या सांध्यापाशी दिसणारा व्रणासारखा भाग, दमसासाच्या खेळाडूंत पुष्कळदा आढळतो आणि बहुतेक वेळा त्याला स्वतंत्र अर्थ नसतो. तोच व्रण हृदयाच्या बाहेरच्या भिंतीत पट्ट्यासारखा असता तर गोष्ट वेगळी आणि गंभीर असती. जर्मनीतल्या मॅरेथॉन धावणाऱ्या पन्नाशीपुढच्या १०२ पुरुषांत १२ टक्के जणांना एमआरआयमध्ये कुठला ना कुठला व्रण दिसला, तुलनेच्या गटात ४ टक्क्यांना. व्रण आहे की नाही यापेक्षा तो कुठे आहे याला महत्त्व आहे, आणि माझ्या अहवालात जागा लिहूनही तिचा अर्थ लिहिलेला नव्हता.

वेळेचा मुद्दा सर्वांत सोपा आणि सर्वाधिक दुर्लक्षित आहे. बोस्टन मॅरेथॉन धावलेल्या ६० हौशी धावपटूंची शर्यतीआधी आणि नंतर तपासणी झाली, तेव्हा शर्यतीनंतर ६० टक्क्यांहून अधिक जणांच्या रक्तातले ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला ताण किंवा इजा झाली की रक्तात उतरणारे प्रथिन, सामान्य मर्यादेपलीकडे गेलेले होते आणि उजव्या जवनिकेचे काम मंदावलेले दिसले. ज्यांचा सराव आठवड्याला ५६ किलोमीटरहून कमी होता त्यांच्यात हे जास्त ठळक होते. दुसऱ्या एका अभ्यासात हा उजव्या बाजूचा थकवा बहुतेकांत आठवड्याभरात ओसरला. रविवारी ३० किलोमीटर आणि मंगळवारी इको, हे वेळापत्रक मी अज्ञानाने निवडले. तारीख देणाऱ्या टेबलावर एका प्रश्नाने ते टळले असते.

खोट्या भीतीपेक्षा खोटा दिलासा मला अधिक घातक वाटतो, आणि तो मी जवळून पाहिला आहे. आमच्या गटातले एक काका, वय ५४, स्ट्रेस टेस्टमध्ये शेवटच्या टप्प्यापर्यंत सहज गेले आणि अहवाल 'नॉर्मल' आला. त्यांनी त्याचा फोटो गटावर टाकला, आम्ही सगळ्यांनी अभिनंदन केले. पाच आठवड्यांनी पेडर रोडच्या चढावर त्यांना छातीत आवळल्यासारखे झाले. ते थांबले, पाणी प्यायले आणि म्हणाले, 'टेस्ट झालीये, अ‍ॅसिडिटी असणार.' असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी आम्ही त्यांना जवळजवळ ओढत रुग्णालयात नेले आणि त्याच दिवशी स्टेंट बसला. स्ट्रेस टेस्ट रक्तप्रवाह अडवण्याइतका मोठा अडथळा शोधते. जो साका आज छोटा आहे आणि उद्या फुटू शकतो, तो तिला दिसत नाही. हे वाक्य अहवालाच्या खाली मराठीत छापलेले असते, तर काकांनी पहिल्याच रविवारी ऐकले असते असे मला मनापासून वाटते.

इंग्लंडमध्ये १९९६ ते २०१६ या काळात ११,१६८ तरुण फुटबॉलपटूंची प्रश्नावली, ईसीजी आणि इको अशी पूर्ण तपासणी झाली. ४२ जणांत जिवाला धोका असलेला आजार सापडला, हे त्या तपासणीचे मोठेच यश. पुढे हृदयविकाराने आठ खेळाडू अचानक गेले. त्या आठपैकी सहा जणांची तपासणी निर्दोष ठरली होती. चांगल्यात चांगल्या तपासणीचीही पोच इथपर्यंतच आहे, आणि ती केलेल्या दिवसापुरती आहे.

तक्रार नसलेल्यांना सरसकट तपासण्यात अडचण काय, तेही मांडते. समजा, १,००० निरोगी धावपटू तपासले आणि त्यांपैकी १० जणांना खरोखर गंभीर आजार आहे. तपासणी दहातले नऊ रुग्ण पकडते आणि दहा निरोगींपैकी एकाला चुकून सदोष ठरवते, असे धरू. तर ९ रुग्ण सापडतील, एक सुटेल, आणि ९९० निरोगींपैकी ९९ जणांच्या हाती सदोष अहवाल पडेल. म्हणजे सदोष अहवाल मिळालेल्या १०८ जणांत ९९ निरोगी. तीच तपासणी धावताना छातीत दुखणाऱ्या, श्रमात शुद्ध हरपलेल्या किंवा चाळिशीआधी भाऊ गमावलेल्या १,००० जणांवर केली, तर रुग्णांची संख्या कितीतरी मोठी असेल आणि त्याच यंत्राचा, त्याच आकड्याचा शब्द अधिक खरा ठरेल. अहवालाची विश्वासार्हता यंत्राइतकीच समोर कोण झोपले आहे यावर ठरते, आणि ते कळायला विचारावे लागते.

अमेरिकेतल्या मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉनच्या दोन मोठ्या पाहण्यांतून कळते की शर्यतीत हृदय बंद पडण्याचे प्रमाण लाख धावपटूंमागे एकाहून कमी आहे. २००० ते २०१० मध्ये ०.५४ आणि २०१० ते २०२३ मध्ये ०.६०, म्हणजे जवळपास तेवढेच. मृत्यूचे प्रमाण मात्र निम्म्यावर आले, आणि त्याचे श्रेय रस्त्यावर तातडीने मिळणाऱ्या छातीदाबाला आणि विजेचा झटका देणाऱ्या यंत्रांना दिले जाते. आमचा गट पॅकेजसाठी पैसे गोळा करतो, तेव्हा हे मी दरवेळी सांगते.

म्हणून आपल्याला माझी विनंती अशी आहे. आपल्या अर्जात 'व्यायाम करता का' याऐवजी किती वर्षे, आठवड्याला किती तास किंवा किलोमीटर, आणि शेवटची लांब धाव कोणत्या तारखेला, हे विचारणारा रकाना घाला आणि तो भरल्याशिवाय चित्र वाचायला घेऊ नका. त्याखाली श्रमात छातीत दुखणे, भोवळ, शुद्ध हरपणे आणि घरातल्या कुणाचा तरुणपणी झालेला मृत्यू, हे मराठीत आणि हिंदीत विचारा, कारण फॅमिली हिस्टरी या शब्दापुढे आमच्यातले बरेच जण सवयीने 'नाही' लिहून टाकतात. अहवालात कप्प्याचे माप शरीराच्या आकारमानाशी ताडून द्या, आणि व्यक्ती नियमित धावणारी असेल तर निष्कर्षात आजाराचे नाव लिहिण्यापूर्वी श्रमातला इको किंवा खेळाडूंच्या हृदयाचा अनुभव असलेल्या डॉक्टरांचा सल्ला सुचवा. निर्दोष अहवालाखालीही धावताना त्रास झाला तर हा कागद विसरा आणि थांबा, एवढे एक वाक्य छापा. आणि तक्रार नसलेल्या तरुणांना सीटीचे पॅकेज विकणे थांबवा. कॅल्शियमच्या एका सीटीत साधारण एक मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग असतो, जो फार नाही, पण पंचविशीतल्या मुलाला त्या बदल्यात मिळणारी माहिती जवळजवळ काहीच नसते.

या प्रश्नांचा मराठी मसुदा मी अर्ध्या पानावर तयार केला आहे. आमच्या गटातले सगळे तो भरून बरोबर नेतात. काही केंद्रांत तो आनंदाने फाइलला जोडून घेतात, काही ठिकाणी आमच्या फॉर्मॅटमध्ये बसत नाही म्हणून परत देतात.

पुढच्या आठवड्यात आमच्यातला २४ वर्षांचा एक मुलगा आपल्यापैकीच कुणाकडे तरी येणार आहे. तो लाजाळू आहे, स्वतःहून फार बोलणार नाही. त्याचे धाकटे काका ३१ व्या वर्षी झोपेत गेले, आणि घरी त्या मृत्यूचे कारण ताप असे सांगतात. त्याने तो रकाना कोरा ठेवला असेल तर कृपया एकदा तोंडी विचारा. आणि आदल्या रविवारी तो आमच्याबरोबर २५ किलोमीटर धावलेला असेल, तर त्याला आठवडाभर विश्रांती घेऊन पुन्हा बोलवा.

आपली नम्र,
पहाटे धावणारी एक शिक्षिका
दादर, मुंबई